खोका विकलात म्हणजे वस्तू विकली असं नाही



मागच्या रविवारच्या व्हिडिओखाली एका मित्राने कमेंट केली होती. तो येवल्याकडचा. खेळण्यांचं आणि बाळाच्या सामानाचं छोटं दुकान टाकायच्या तयारीत आहे. त्याने लिहिलं होतं, "सर, प्रॅम, ट्रायसिकल, पाळणे जोडून देत बसलो तर दिवसाला चार गिऱ्हाईकं पण होणार नाहीत. खोका द्यायचा आणि मोकळं व्हायचं. ऑनलाइनवाले तेच करतात ना?"

मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की शेवटी म्हटलं, इथेच सविस्तर लिहू. कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत मी अगदी हेच बोलायचो. आज माझं मत बरोबर उलटं आहे, आणि ते बदललं एका वायसरमुळे. हो, वायसर. नटाखाली बसते ती छोटी चकती. तिची गोष्ट पुढे सांगतो. आधी प्रॉब्लेम नीट समजून घेऊ.

रात्री साडेअकराचा कारखाना

तुमच्या घरात लहान मूल असेल तर हा सीन तुम्ही बघितलेला आहे. उद्या वाढदिवस. मूल झोपल्यावर बाबा हॉलमध्ये खोका फोडतात. थर्माकोलचे दाणे घरभर. आतून निघतात तीन चाकं, दोन-तीन दांडे, सीट, हँडल आणि एका पिशवीत सगळे स्क्रू एकत्र. सूचनांचा कागद इंग्रजीत आणि चिनीत, चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. पाचव्या पायरीला कळतं की दुसऱ्या पायरीत लावलेला दांडा उलटा आहे. तो काढायला जावं तर सोबत आलेली अॅलन की दोन फिरक्यांत गुळगुळीत होते, नाहीतर स्क्रूचे आटे जातात. आई झोपेतून उठून येते आणि विचारते, "झालं का?" तिथून पुढचं संभाषण मी इथे लिहीत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला मी माझ्याच दुकानातली ट्रायसिकल घरी नेली. ते मॉडेल मी तोपर्यंत कितीतरी विकलं होतं, पण खोका एकदाही उघडला नव्हता. दोन तास लागले. शेवटी दोन स्क्रू उरले. बायको म्हणाली, "जास्तीचे दिले असतील." मला हसू आलं, कारण गिऱ्हाइकांचा फोन आला की मीही हेच सांगायचो. सकाळी नीट बघितलं तर ते दोन्ही स्क्रू सीटखालचे होते.

आमच्याकडे एक काका नातवासाठी खेळणी घ्यायला येतात. ओझरला एचएएलमधून रिटायर झालेले. ओझरला सुखोई विमानं जोडली गेली हे नाशिककरांना सांगायला नको. काकांना नातवाची बॅटरीवरची गाडी जोडता आली नाही, ती घेऊन ते दुकानात आले. मी गमतीने म्हटलं, "काका, तुम्ही तर विमानवाले!" ते म्हणाले, "अरे, विमानाचं काम सरळ असतं. कुठला नट कुठे, किती घट्ट, ते लिहिलेलं असतं. लावणाऱ्याची सही असते, तपासणाऱ्याची वेगळी सही असते. इथे काय आहे? एक चित्र आणि देवाचं नाव."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. गिऱ्हाईक अडाणी आहे म्हणून वस्तू जोडता येत नाही, हा आपला दुकानदारांचा आवडता समज आहे. जन्मभर काटेकोर काम केलेला माणूससुद्धा अडकतो, कारण त्याच्या हातात अर्धवट माहिती, कच्चं हत्यार आणि थोडाच वेळ असतो.

हे काम आई-बाबांच्या अंगावर आलं कुठून?

आपल्या आजीच्या काळात पाळणा सुताराकडून तयार होऊन यायचा. पांगुळगाडा आठवतोय का? तीन लाकडी चाकं, उभं राहून धरायला आडवी दांडी, बाळ धरून ढकलत चालायचं. एकाच्या घरचा पांगुळगाडा दहा घरं फिरायचा. कुठे कुरकुरला तर सुतार गल्लीतच असायचा. वस्तू बनवणारा, जोडणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच होता आणि त्याचं तोंड ओळखीचं होतं.

मग वस्तू खोक्यात सपाट यायला लागली. याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९५६ च्या सुमारास स्वीडनमध्ये आयकियाच्या एका डिझायनरला टेबल गाडीत मावेना, म्हणून त्याने पाय काढून घेतले. त्यातून पाय सुटे देऊन सपाट खोक्यात फर्निचर विकायची पद्धत आयकियाने मोठी केली. तीच आयकिया २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आली. तुमच्यापैकी बरेच जण तिथे फिरून आले असतील.

धंद्याच्या दृष्टीने ही आयडिया भारीच आहे. जोडलेली प्रॅम म्हणजे निम्मी हवा. ट्रान्सपोर्टवाला हवेचेही पैसे घेतो. मी माल मुंबईहून अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणि दिल्लीहून झंडेवालानमधून मागवतो. प्रॅम जोडून आल्या असत्या तर भाड्यातच मार्जिन गेलं असतं आणि माझ्या सिडकोतल्या दुकानात आठ नग ठेवायलाही जागा पुरली नसती. त्यामुळे सपाट खोक्याला माझा विरोध नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जोडायचं काम कुठे गायब झालेलं नाही. कारखान्याने ते वाचवलं, ट्रान्सपोर्टने वाचवलं, होलसेलरने वाचवलं, दुकानदाराने वाचवलं. सगळ्यांनी वाचवलेलं काम शेवटी साखळीतल्या सगळ्यात दमलेल्या माणसाकडे जातं. त्याच्या घरात तीन महिन्यांचं बाळ आहे, झोप चार तासांची आहे आणि हत्यार म्हणून स्वयंपाकघरातली सुरी आहे.

ती पिशवी

आता वायसरची गोष्ट.

दिवाळीचे दिवस होते. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारे एक दादा आणि त्यांची बायको सात-आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आले. मधल्या किमतीची प्रॅम पसंत केली. पैसे देताना दादांनी विचारलं, "जोडून देता का?" मी नोटा मोजत होतो. मान वर न करता म्हटलं, "सोपं आहे हो दादा, दहा मिनिटांचं काम. यूट्यूबवर बघा." दादा हसले आणि खोका खांद्यावर घेऊन गेले.

भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी त्या बाळाची आजी आली. एकटीच. हातात प्लास्टिकची पिशवी. तिने ती काउंटरवर उपडी केली. एक चाक, एक वाकलेली पिन, एक वायसर. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर मागचं चाक निघालं होतं आणि प्रॅम कलंडली होती. बाळाचा पट्टा लावलेला होता म्हणून ते बाहेर फेकलं गेलं नाही. ओठ फुटला आणि कपाळाला टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं.

मी लगेच बचावाला लागलो. "आजी, पीस चांगला आहे, जोडताना काहीतरी..." आजी म्हणाली, "हो, माझा मुलगाही तेच म्हणतो. माझीच चूक झाली म्हणतो, दोन दिवस नीट जेवला नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाळा, पैसे मोजून घेतलेस ना? मग हे का नाही मोजून दिलंस?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजी गेल्यावर मी त्याच मॉडेलचा दुसरा खोका फोडला. मागच्या चाकाला दोन वायसर होत्या. एक चाकाच्या आत, एक बाहेर, मग पिन, मग टोपी. कागदावरच्या चित्रात दोन्ही एकाच रेघेत, एकमेकींना चिकटलेल्या दिसत होत्या. कोणीही दोन्ही आतच घातल्या असत्या. दादांनी तेच केलं होतं. बाहेरची वायसर नसल्यामुळे चाक थेट पिनवर घासत राहिलं, पिन सरकली आणि पाचव्या दिवशी चाक मोकळं झालं. टोपी बसवल्यावर बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? आजीने "मुलगा स्वतःची चूक म्हणतो" असं सांगितलं तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. सुटलो असं वाटलं होतं. त्या रात्री मला त्याचीच जास्त लाज वाटली. दादांनी मला विचारलं होतं. दहा मिनिटांचं काम असेल तर ती दहा मिनिटं माझी असायला हवी होती.

मी त्यांच्या घरी गेलो, नवीन प्रॅम जोडून दिली, माफी मागितली. पण हा काही चांगुलपणाचा किस्सा नाही. बाळाचं डोकं फरशीवर आपटलं असतं तर माझ्या माफीला काय किंमत होती?

चूक नेमकी कोणाची?

या प्रश्नावर जगाने आधीच किंमत मोजलेली आहे. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरमध्ये सिम्प्लिसिटी कंपनीने बनवलेल्या जवळपास १० लाख क्रिब परत मागवल्या गेल्या. क्रिब म्हणजे कठड्याची बाळाची खाट. तिचा एका बाजूचा कठडा वरखाली सरकायचा आणि घरी जोडताना तो उलटा बसू शकायचा. उलटा बसला की कालांतराने निसटायचा, फट पडायची आणि बाळ त्यात अडकायचं. काही बाळं दगावली. आता, कठडा उलटा लावला आई-बाबांनीच. तरी जबाबदारी कंपनीवरच आली, कारण शहाण्यासुरत्या माणसालाही उलटा लावता येतो असा कठडा बनवणं हीच मूळ चूक होती. पुढे जून २०११ पासून तिथे सरकत्या कठड्याच्या क्रिब बनवायला आणि विकायलाच बंदी आली.

जपानमध्ये हे आधीच ओळखलं होतं. शिगेओ शिंगो नावाचे इंजिनिअर १९६१ मध्ये एका इलेक्ट्रिक कंपनीत गेले. तिथे छोटा स्विच जोडायचा होता, त्यात दोन बारीक स्प्रिंगा. कामगार अधूनमधून एक स्प्रिंग घालायला विसरायचे. साहेब ओरडायचे, चार दिवस नीट चालायचं, पुन्हा तेच. शिंगोंनी ओरडा बंद केला आणि एक छोटी ताटली ठेवली. आधी दोन्ही स्प्रिंगा ताटलीत काढायच्या, मग स्विचमध्ये घालायच्या. ताटलीत एक राहिली तर लगेच दिसते. या विचाराला पुढे 'पोका-योके' म्हणायला लागले, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय. सुरुवातीला त्याला 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खांसाठीची सोय. ते कामगारांना लागलं, म्हणून नाव बदललं. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. विसरणारा माणूस मूर्ख नसतो.

आता आपल्या कायद्याकडे या. मी वकील नाही, पण दुकान टाकणाऱ्या प्रत्येकाने हे वाचून ठेवावं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे वस्तूमुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे. कलम ८४ प्रमाणे उत्पादकाने नीट वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नसतील तर तो जबाबदार. कलम ८६ आपलं, विक्रेत्यांचं. वस्तू जोडताना, तपासताना वाजवी काळजी घेतली नाही, किंवा कंपनीने दिलेल्या सूचना आणि धोक्याचे इशारे विकताना गिऱ्हाइकापर्यंत पोचवले नाहीत, आणि त्यामुळे इजा झाली, तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते. आणखी एक: बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर विक्रेताच समोर उभा राहतो. नाव-पत्ता नसलेला स्वस्त माल घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

"आमच्या मालावर आयएसआय आहे" असं काहीजण म्हणतील. चांगलंच आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो मार्क सक्तीचा झाला. पण एक, प्रॅम हे खेळणं नाही. दोन, मार्क मिळतो तो नीट जोडलेल्या वस्तूच्या तपासणीवर. तुमच्या गिऱ्हाइकाने रात्री साडेअकराला काय जोडलं, ते कोणी तपासलेलं नाही.

"पण सर, परवडत नाही"

मान्य आहे, प्रश्न खरा आहे. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा वेळेचा. सवय नसलेल्या माणसाला प्रॅम जोडायला तास लागतो. माझ्या मुलाला, म्हणजे दुकानातल्या मुलाला, पंधरा मिनिटं लागतात. ट्रायसिकलला वीस. कारण तो तेच मॉडेल शंभराव्यांदा जोडतोय. आणि सकाळी दुकान उघडल्यापासून बारापर्यंत गर्दी किती असते ते आपल्याला माहीत आहे. चालणाऱ्या मॉडेलचे दोन-दोन नग तेव्हाच जोडून ठेवता येतात.

दुसरा मुद्दा पैशाचा. उघडलेला खोका परत आला की तो नवीन म्हणून विकता येत नाही. एक टेप फाटलेला, स्क्रू हरवलेला खोका तीन-चार नगांचा नफा खातो. मी जोडून द्यायला लागल्यापासून परत येणारा माल जवळजवळ थांबला. बाकीचा हिशोब तुमचा तुम्ही करून बघा, माझा आकडा तुम्हाला लागू होईलच असं नाही.

तिसरा मुद्दा, वेगळा चार्ज लावायचा का? इथे माझं मत ठाम आहे. प्रॅम, वॉकिंग ट्रॉली, ट्रायसिकल यांची जोडणी किमतीतच धरा. "जोडून हवं असेल तर दीडशे रुपये जास्त" असं म्हटलं की दीडशे वाचवणारा माणूसच बिनजोडीचा खोका नेतो, आणि बहुतेक वेळा मदतीची गरज त्यालाच जास्त असते. घरी जाऊन मोठी क्रिब किंवा पलंग जोडायचा असेल तर मात्र वेगळे पैसे जरूर घ्या. येण्या-जाण्याचं पेट्रोल लागतं, तासभर जातो, आणि फुकट काम केलं की लोक त्याला काम समजत नाहीत.

चौथा मुद्दा: "मी जोडलं तर चूक माझ्या गळ्यात येईल." वर कायदा सांगितला. सूचना न पोचवणं हेही तिथे मोजलं जातं. हात झटकून जबाबदारी जात नाही. त्यापेक्षा नीट जोडा आणि जोडल्याचा फोटो ठेवा.

पाचवा मुद्दा: काही बाबांना स्वतः जोडायला आवडतं. अगदी बरोबर, त्यांचा आनंद हिरावू नका. नॉर्टन, मोचॉन आणि एरिअली या तीन संशोधकांचा २०१२ चा एक पेपर आहे. स्वतःच्या हाताने जोडलेल्या वस्तूची किंमत माणसाला जास्त वाटते असं त्यात दिसलं, आयकियाच्या नावानेच तो परिणाम ओळखला जातो. पण त्यातली अट लोक विसरतात. काम पूर्ण झालं तरच ते प्रेम बसतं. अर्धवट राहिलं की नाही. म्हणजे ज्या बाबांना जोडायचंय त्यांना खोका द्या, पण त्यांचं काम तडीस जाईल अशा तयारीने द्या.

आणि ऑनलाइनवाल्यांचं म्हणाल, तर ते माझ्यापेक्षा तीनशे रुपये स्वस्त देतात. त्यांच्याशी किमतीत भांडून मी हरणारच. बीबीएच्या पुस्तकात कोटलरची तीन वर्तुळं होती. आत मूळ गरज, मग वस्तू, आणि बाहेरच्या वर्तुळात डिलिव्हरी, वॉरंटी, जोडणी, विक्रीनंतरची सेवा. परीक्षेत मी ते आकृतीसकट लिहिलं होतं. दुकान टाकल्यावर विसरलो. ते बाहेरचं वर्तुळ म्हणजेच आपली जागा आहे, कारण ऑनलाइनवाल्याचा माणूस दारात खोका ठेवून जिना उतरलेला असतो.

आमच्या दुकानात आता काय करतो

हे जसंच्या तसं उचला, कॉपीराइट नाही.

१. ताट. शिंगोंची ताटली आमच्याकडे जेवणाचं स्टीलचं ताट झाली. खोका उघडला की सगळे नट, स्क्रू, वायसर, पिना आधी ताटात. कागदावरच्या यादीशी मोजायचं. ताटात काही उरलं तर वस्तू दुकानाबाहेर जाणार नाही. "जास्तीचे दिले असतील" हे वाक्य दुकानात बंद.

२. आधी सगळं हाताने, मग पान्याने. पहिला स्क्रू पूर्ण आवळला की पुढची भोकं जुळत नाहीत आणि लोक जोर लावतात. तिथेच आटे जातात. सगळे स्क्रू हाताने दोन-तीन आटे धरेपर्यंत लावायचे, चौकट सरळ झाली की मग आवळायचे.

३. चांगलं हत्यार. खोक्यातली अॅलन की आम्ही वापरत नाही. एक चांगला अॅलन सेट, दोन मापांचे स्टार स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड, एक पाना. एका प्रॅमच्या नफ्यात सगळं येतं.

४. उताराची परीक्षा. दुकानाबाहेर फळीचा छोटा उतार केलाय. बाळाच्या वजनाएवढी तांदळाची पिशवी सीटवर पट्ट्याने बांधायची, ब्रेक लावून प्रॅम उतारावर उभी करायची, मग चारही चाकं ओढून बघायची. दोन मिनिटं लागतात.

५. घडी आई किंवा बाबांनी आमच्यासमोर दोनदा करायची. बाळ आत किंवा जवळ असताना घडी उघडायची-मिटायची नाही, हे तोंडाने सांगतो. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेनच्या सुमारे १० लाख प्रॅमच्या बिजागऱ्यांना झाकणं द्यावी लागली, कारण त्यात मुलांची बोटं सापडून तुटल्याच्या तक्रारी होत्या. हे गिऱ्हाइकाला घाबरवायला सांगत नाही, पण तो इशारा पोचवणं माझं काम आहे.

६. बॅटरीचं झाकण. बारीक स्क्रूला सगळे शिव्या देतात. तो स्क्रू मुलाला बॅटरी काढता येऊ नये म्हणून असतो. बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर आतून भाजतं, जिवावर बेतू शकतं. झाकण स्क्रूने बंद झाल्याशिवाय खेळणं देत नाही, आणि मूल बॅटरी गिळलंय असा संशय जरी आला तरी वाट न बघता दवाखान्यात पळायचं, हेही सांगतो.

७. मराठीत व्हिडिओ. प्रत्येक चालणाऱ्या मॉडेलचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, आमच्याच दुकानात मोबाइलवर काढलेला. अवघड जागा जवळून. "ही वायसर आत, ही बाहेर." ज्यांना पॅक खोका गिफ्ट द्यायचाय किंवा जे मालेगाव-मनमाडला घेऊन चाललेत, त्यांना तो व्हॉट्सअॅपवर जातो. सोबत छोट्या पुड्यांवर नंबर: पुडी १, पुडी २.

८. सुट्या भागांचा डबा. मोडलेल्या किंवा परत आलेल्या मालाचे नट, पिना, टोप्या मॉडेलप्रमाणे ठेवतो. एक पिन हरवली म्हणून हजारोंची वस्तू अडगळीत जाऊ नये.

९. सप्लायरला लिहून कळवणं. कुठलं चित्र चुकतं, कुठला स्क्रू कमी येतो. दोघांनी लक्ष दिलं नाही, त्यांचा माल बंद केला. एकाने मात्र वायसर आधीच चाकात बसवून पाठवायला सुरुवात केली. फार मोठी गोष्ट आहे ही. आपण शेवटचे असलो तरी साखळीत आहोत, आणि आपल्या बोलण्याला थोडी तरी किंमत आहे.

ज्यांच्याकडे दुकान नाही त्यांच्यासाठी

हा ब्लॉग वाचणाऱ्या बऱ्याच जणांकडे अजून भांडवल नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही या त्रासाकडे धंदा म्हणून बघा. नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत रोज ऑनलाइन खोके उतरतात. जोडायला माणूस मिळत नाही. सातपूर-अंबडमुळे आपल्याकडे आयटीआय झालेली, हाताला वळण असलेली पोरं भरपूर आहेत. हत्यारांची एक पिशवी, दुचाकी, स्वच्छ रेटकार्ड आणि वेळेवर येण्याची सवय, एवढ्यावर सुरुवात होते. सोसायटीच्या ग्रुपवर एक चांगलं काम फिरलं की पुढची कामं येतात.

दोन अटी मात्र पाळा. न शिकलेलं काम घेऊ नका. गाडीतली बाळाची सीट बसवणं हा वेगळा विषय आहे, तो शिकल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि काम झाल्यावर गिऱ्हाइकासमोर ताट रिकामं दाखवा. तीच तुमची सही.

शेवटी

येवल्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. दिवसाला आठ खोके विकण्यापेक्षा चार जोडलेल्या वस्तू विक. ती चार घरं दुसऱ्या बाळाच्या वेळी तुझ्याकडेच येतील. नाही आली तरी रात्री झोप नीट लागेल, आणि याची किंमत धंदा सुरू केल्यावरच कळते.

एक काम दुकान टाकायच्या आधी कर. जे मॉडेल विकणार आहेस त्याचा एक खोका घरी ने, रात्री साडेअकराला उघड, फक्त आतल्या हत्याराने आणि आतल्या कागदावर जोड. मग ठरव.

त्या आजी गेल्या दसऱ्याला परत आल्या होत्या. नातू आता पळतो. ट्रायसिकल हवी होती. मुलाने जोडून दिली. आजींनी चष्मा लावला, रिकामं ताट उचलून बघितलं, खाली वाकून काउंटरखालीही बघितलं. मग पैसे काढले आणि म्हणाल्या, "आता तू मोज."

तुमच्या धंद्यात असं कुठलं काम आहे, जे तुम्ही हळूच गिऱ्हाइकावर ढकलताय? प्रामाणिकपणे कमेंटमध्ये लिहा. पुढच्या रविवारी त्यातल्या दोन-तीन उत्तरांवर बोलू.